२०२३ चा जमाखर्च : देशाचे आकाश आणि अवकाश

खतावणी (धागाकर्ता) | ३१ डिसेंबर २०२३, सायंकाळी ६:१०

बँकेतील नोकरी संपून सहा वर्षे झाली, तरी वर्षअखेर आली की जमा-नावे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. यंदा घरखर्चाची वही बाजूला सारून देशाने या वर्षात आकाशात आणि आकाशापलीकडे काय कमावले याचा ताळेबंद मांडायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. बहुतेक वार्षिक आढावे २०२३ हे चंद्रयानाचे वर्ष होते, एवढे सांगून मोकळे होतात. ते खोटे नाही, पण एका नोंदीने ताळेबंद होत नाही.

आधी मोजदाद करतो. श्रीहरिकोट्याहून या वर्षी कक्षेत जाणारी सात उड्डाणे झाली आणि सातही यशस्वी झाली. १० फेब्रुवारीला एसएसएलव्ही-डी२ हा छोटा अग्निबाण, २६ मार्चला वनवेब या परदेशी कंपनीचे ३६ उपग्रह घेऊन एलव्हीएम-३ हा मोठा अग्निबाण, २२ एप्रिलला सिंगापूरच्या टेलिऑस-२ या उपग्रहासाठी पीएसएलव्ही-सी५५, २९ मे रोजी एनव्हीएस-०१ हा दिशादर्शक उपग्रह घेऊन जीएसएलव्ही-एफ१२, १४ जुलैला चंद्रयान-३, ३० जुलैला पुन्हा सिंगापूरसाठी पीएसएलव्ही-सी५६ आणि २ सप्टेंबरला सूर्याचा अभ्यास करणारे आदित्य-एल१. याखेरीज २ एप्रिलला चित्रदुर्गजवळच्या चाचणी केंद्रावर चिनूक हेलिकॉप्टरने सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडलेले पंखधारी यान कोणाच्याही हाताविना धावपट्टीवर उतरले, आणि २१ ऑक्टोबरला माणसाला अवकाशात नेणाऱ्या गगनयानाची टीव्ही-डी१ ही चाचणी झाली. ही दोन कामे कक्षेत जाणारी नव्हती, म्हणून मी ती वेगळ्या रकान्यात लिहिली आहेत.

आता माझे म्हणणे मांडतो. ही यादी मागील वर्षांच्या वह्यांशी ताडून पाहिली, तेव्हा माझ्या लक्षात आले की २०२३ हे नवे काही मिळवण्यापेक्षा जुनी थकबाकी फेडण्याचे वर्ष होते. फेब्रुवारीतील एसएसएलव्ही घ्या. या छोट्या अग्निबाणाचे पहिले उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ रोजी फसले होते. दुसरा टप्पा विलग होताना क्षणभर इतका हादरा बसला की त्वरणमापक आपल्या मर्यादेपलीकडे गेले, संगणकाने ते बिघडले असे मानून पर्यायी मार्ग धरला, आणि ३५६ किलोमीटरची वर्तुळाकार कक्षा मिळण्याऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरची लंबगोल कक्षा पदरी पडली. ७६ किलोमीटरवर हवा इतकी असते की तेथे उपग्रह टिकत नाही. वास्तविक त्वरणमापक बिघडले नव्हतेच. विलगीकरणाची यंत्रणा आणि संगणकाचे तर्क सुधारून सहा महिन्यांत तो अग्निबाण पुन्हा उभा राहिला.

मे महिन्यातील जीएसएलव्हीची कथाही तशीच. १२ ऑगस्ट २०२१ रोजी त्याच्या अतिशीत टप्प्यातील द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीची झडप गळत राहिली, टाकीत पुरेसा दाब राहिला नाही आणि इंजिन पेटलेच नाही. एफ१२ हे त्यानंतरचे पहिले उड्डाण होते. त्यावर स्वार असलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये याहून जुनी बाकी होती. आपल्या ‘नाविक’ या दिशादर्शक उपग्रहमालेतील पहिल्या उपग्रहाची तिन्ही आयात घड्याळे बंद पडली होती, आणि त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी उष्णताकवच न उघडल्यामुळे कवचातच अडकून वाया गेला. दिशादर्शक उपग्रहाचे सगळे मोल त्याच्या घड्याळात असते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर अंतर जातो, म्हणजे घड्याळ हजार नॅनोसेकंद चुकले तर जमिनीवरचा माणूस नकाशावर तीनशे मीटर सरकतो. एनव्हीएस-०१ मध्ये अहमदाबादला बनलेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ प्रथमच वर गेले. टाळ्या उड्डाणाला मिळाल्या. माझ्या वहीत मात्र या वर्षातील सर्वांत मोठ्या नोंदींपैकी ही एक आहे.

चंद्रयान-२ चा अवतरक, म्हणजे चंद्रावर उतरणारा भाग, ज्या पहाटे कोसळला, त्या ७ सप्टेंबर २०१९ ची थकबाकी म्हणजे चंद्रयान-३, हे वेगळे सांगायला नको.

आणि एक खाते असे, की ज्याची बातमी फारशी कोणी वाचली नसेल. २०११ मध्ये फ्रान्सबरोबर मिळून सोडलेला मेघा-ट्रॉपिक्स-१ हा उपग्रह ७ मार्चला ठरवून, टप्प्याटप्प्याने खाली आणून प्रशांत महासागरावर जाळण्यात आला. मुळात तो अशा शेवटासाठी बनवलेलाच नव्हता. तो तसाच सोडला असता तर शंभरहून अधिक वर्षे वर फिरत राहिला असता, तेही टाकीत उरलेल्या सुमारे सव्वाशे किलो इंधनासह. निकामी खाते रीतसर बंद करणे हेही कामच असते, हे कोणत्याही शाखाधिकाऱ्याला विचारा.

विमानांचे पान मात्र मी कोरे ठेवले आहे, कारण त्यात मला गती नाही. अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना विमानशास्त्र आणि अंतराळ या दोहोंचा मिळून वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवावा लागतो, आणि तेथील ‘नासा’ या संस्थेच्या पूर्ण नावातही विमानशास्त्राचा शब्द अंतराळाच्या आधी येतो. आपल्याकडे अंतराळ विभागाचा अहवाल वेगळा, विमान कारखाना संरक्षण उत्पादनाखाली, बंगळूरची विमान प्रयोगशाळा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेखाली आणि प्रवासी विमाने चौथ्याच मंत्रालयाकडे, असा संसार चार चुलींवर चालतो. म्हणून जाणकारांनी ते पान भरावे, ही विनंती.

अर्धविराम | ३१ डिसेंबर २०२३, रात्री ९:४२

लेख आवडला, पण मोजदादीनंतर आपण थांबलात आणि भावनेकडे वळलात असे मला वाटले. सात हा आकडा एकटा उभा केला की भारदस्त दिसतो, शेजारी दुसरे आकडे ठेवले की तसा दिसत नाही. या एकाच वर्षात अमेरिकेतील स्पेसएक्स या एका कंपनीने आपल्या फाल्कन अग्निबाणांची ९६ उड्डाणे केली आणि चीनने ६७ उड्डाणे केली. आपली २०२१ मध्ये दोन आणि २०२२ मध्ये पाच होती, म्हणजे आपण वाढलो हे खरे, पण ज्या शर्यतीत आपण आहोत असे सांगितले जाते, तिच्यात आपण धावतो आहोत का, हा प्रश्न ताळेबंदात यायला हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे, या सातांपैकी तीन उड्डाणे भाड्याची होती. वनवेबचे काम तर आपल्याकडे आले ते युक्रेनच्या युद्धानंतर रशियन अग्निबाणांचा रस्ता त्या कंपनीला बंद झाला म्हणून. भाडे मिळवण्यात कमीपणा नाही, उलट एलव्हीएम-३ सारख्या ६४० टन वजनाच्या अग्निबाणाला परदेशी ग्राहक मिळाला ही मोठीच गोष्ट आहे, परंतु भाड्याची फेरी ‘प्रगती’ या सदरात लिहायची की ‘उत्पन्न’ या सदरात, हे आपल्यासारख्या बँकवाल्यांनीच सांगावे.

आणि ‘थकबाकी’ हा शब्द मला खटकला. आदित्य कोणाची थकबाकी होती?

सूर्यफूल_पुणे | १ जानेवारी २०२४, सकाळी ९:५५

लिहायला बसले तेव्हा समोर थेट प्रक्षेपण चालू होते. आज सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी पीएसएलव्ही-सी५८ निघाला आणि त्याने एक्सपोसॅटला ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत नेऊन सोडले. क्ष-किरणांचे ध्रुवीभवन मोजणारा हा आपला पहिला उपग्रह असून त्यावरील मुख्य उपकरण बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने बनवले आहे. खतावणी काका, कालच्या दिवशी हे उड्डाण झाले असते तर तुमचा आकडा आठ झाला असता. दहा तासांपेक्षा कमी फरकाने ही सगळी वर्षांची मेहनत पुढच्या वहीत गेली.

अर्धविराम यांच्या आदित्यविषयीच्या प्रश्नाला उत्तर देते. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि पुण्यातील ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेत विज्ञानदिनाला विद्यार्थ्यांना घेऊन जाते, त्यामुळे या यानावरील ‘सूट’ या दुर्बिणीबद्दल आम्हाला थोडी आपुलकी आहे, कारण ती तेथील वैज्ञानिकांच्या पुढाकाराने साकारली. ती सूर्याकडे २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात पाहते. यातील कमी तरंगलांबीचा प्रकाश बहुतांशी ओझोनच्या थरात शोषला जातो, म्हणूनच आपली कातडी शाबूत राहते आणि म्हणूनच जमिनीवरून ही निरीक्षणे नीट होत नाहीत. डिसेंबरच्या सुरुवातीला ‘सूट’ने पाठवलेली सूर्याच्या पूर्ण बिंबाची पहिली चित्रे मी नववीच्या वर्गात फळ्यावर प्रक्षेपित केली, तेव्हा एका मुलाने विचारले, “बाई, हा सूर्य एकाच वेळी अकरा रंगांचा कसा?” अकरा वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेली ती अकरा चित्रे होती, आणि प्रत्येक गाळणी सूर्याच्या वातावरणाची निराळी उंची दाखवत होती. तो तास माझा अभ्यासक्रमाबाहेरच गेला.

आता थकबाकीचे. आदित्यची कल्पना २००८ च्या सुमाराची आहे. तेव्हा तो पृथ्वीभोवती ८०० किलोमीटरवर फिरणारा सुमारे ४०० किलोचा, एकच उपकरण असलेला उपग्रह असणार होता. पुढे त्याला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील पहिल्या लाग्रांज बिंदूजवळ (जेथे पृथ्वी आणि सूर्य यांच्या ओढीत यान जागा धरून राहू शकते) पाठवायचे ठरले, तेथून सूर्य ग्रहणाविना अखंड दिसतो. उपकरणे एकाची सात झाली आणि वजन दीड हजार किलोच्या आसपास गेले. म्हणजे येथे कोणतेही अपयश फेडायचे नव्हते, फक्त पंधरा वर्षांचा काळ होता. त्याला थकबाकी म्हणता येणार नाही, मुदत ठेव म्हणता येईल.

कोकणकडा | १ जानेवारी २०२४, दुपारी १:२०

मला एक शंका आहे. चंद्रयान-२ च्या अवतरकाला पाच इंजिने होती आणि चंद्रयान-३ च्या अवतरकाला चारच. सुधारणा करताना इंजिन कमी कसे केले?

सूर्यफूल_पुणे | १ जानेवारी २०२४, दुपारी ३:०५

प्रश्न छान आहे, कारण संपूर्ण दुरुस्तीचे मर्म त्यात आहे. इस्रोचे अध्यक्ष सोमनाथ यांनी उड्डाणाच्या सुमारास सांगितले होते, त्यानुसार २०१९ मध्ये पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा अधिक जोर दिला. कॅमेऱ्याने खालची जमीन टिपता यावी म्हणून यान काही काळ स्थिर ठेवायचे होते, त्या काळात या जादा जोरामुळे झालेल्या चुका साठत गेल्या. त्या एकदम दुरुस्त करायला यानाला वेगाने वळावे लागले, आणि वळण्याच्या वेगावर आज्ञावलीनेच मर्यादा घातलेली होती. तिसरी अडचण म्हणजे उतरायची जागा केवळ ५०० मीटर बाय ५०० मीटर होती. ती गाठण्यासाठी यान जमिनीजवळ असतानाही पुढे रेटत राहिले.

त्यामुळे या वेळी उतरण्याचे क्षेत्र सुमारे चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद घेतले, पाय सेकंदाला तीन मीटर वेगाचा आघात सोसतील असे बळकट केले, वेग थेट मोजणारे लेझर उपकरण जोडले, इंधन वाढवले आणि मधले इंजिन काढून टाकले. मागच्या वेळी सगळे ठरल्याप्रमाणे घडेल असे धरून रचना झाली होती. या वेळी काय काय बिघडेल याची यादी आधी केली आणि प्रत्येक बिघाडातही यान उतरले पाहिजे, असा हट्ट धरला.

२३ ऑगस्टला आमच्या शाळेच्या सभागृहात संध्याकाळी पावणेसहापासून ६ वाजून ४ मिनिटांपर्यंत चारशे मुले शांत होती. शिक्षकी पेशातील लोकांना यातील अवघडपणा समजेल. पडद्यावर ठरलेल्या मार्गाची रेषा होती आणि तिच्यावरून सरकणारा यानाचा ठिपका होता. २०१९ ला तो ठिपका रेषेवरून ढळताना ज्यांनी पाहिला होता, ते आम्ही शिक्षक ठिपक्याकडे पाहत होतो, आणि मुले उंचीच्या आकड्याकडे पाहत होती. चारच दिवस आधी, १९ ऑगस्टला, रशियाचे लुना-२५ चंद्रावर आदळले होते, हेही आमच्या मनात होते.

धावपट्टी | २ जानेवारी २०२४, रात्री ८:३०

विमानांचे कोरे पान भरायला सांगितले आहे, म्हणून लिहितो. एका विमान कारखान्याच्या जोडणी विभागात मी एकतीस वर्षे काम केले. कारखान्याचे नाव लिहीत नाही, कारण मी लिहिणार आहे ते कोणा एकावर बोट ठेवण्यासाठी नाही.

प्रथम जमेची बाजू. ६ फेब्रुवारीला तुमकुरू येथे हेलिकॉप्टरचा नवा कारखाना सुरू झाला. ७ मार्चला एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानांच्या ७० नगांचा करार झाला. १३ सप्टेंबरला स्पेनमध्ये सी-२९५ या मालवाहू विमानांपैकी पहिले आपल्या हवाई दलाकडे सुपूर्द झाले. एकूण ५६ पैकी १६ तयार येतील आणि ४० वडोदऱ्यात बनतील. ४ ऑक्टोबरला दोन आसनी तेजस हे लढाऊ विमान हवाई दलाला मिळाले. ३० नोव्हेंबरला आणखी ९७ तेजस घेण्यास तत्त्वतः मान्यता मिळाली. १५ डिसेंबरला संरक्षण संशोधन संस्थेने शेपटी नसलेल्या, पंखासारख्याच आकाराच्या वैमानिकरहित विमानाचे उड्डाण चित्रदुर्गच्या केंद्रावर करून दाखवले. हे शेवटचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण शेपटीविना विमान स्थिर ठेवणे हा संगणकाचा आणि नियंत्रणाच्या गणिताचा कस पाहणारा प्रकार आहे. त्याच परिसरात २० ऑगस्टला ‘तपस’ हे वैमानिकरहित विमान चाचणीत शेतात कोसळले, हीही नोंद त्याच पानावर हवी.

आता नावे बाजू. वरची यादी पुन्हा वाचा आणि प्रत्येक विमानाच्या पोटात कोणाचे इंजिन आहे ते विचारा. तेजसमध्ये अमेरिकन एफ-४०४. एचटीटी-४० मध्ये अमेरिकन टर्बोप्रॉप. सी-२९५ मध्ये तर प्रश्नच नाही. पुढच्या तेजससाठी एफ-४१४ हे इंजिन येथे बनवण्याविषयी जूनमध्ये सामंजस्य करार झाला, तोही परकीय आराखड्याचाच. आपल्या कावेरी इंजिनाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे काढले गेले. खतावणी साहेब, अवकाशाच्या वहीत २०१९ ची बाकी २०२३ मध्ये फिटली असे आपण लिहिता. आमच्या वहीत १९८९ ची बाकी दरवर्षी पुढे ओढली जाते आणि वही बदलली की पहिल्या ओळीत पुन्हा तीच येते.

असे का, हे परगावचा माणूस नेहमी विचारतो, आणि अग्निबाण जमतो तर विमानाचे इंजिन का जमू नये, असेही विचारतो. अग्निबाणाचे इंजिन काही मिनिटे जळते आणि त्याचे काम संपते. लढाऊ विमानाच्या इंजिनाला हजारो तास, पुन्हा पुन्हा बंद-चालू होत, क्षणात मंद आणि क्षणात पूर्ण जोरात चालावे लागते. त्याच्या टर्बाइनची पाती ज्या वायूत फिरतात, तो वायू त्या पात्यांचा धातू वितळेल याहूनही तप्त असतो. पाते वितळत नाही ते त्याच्या पोटातून काढलेल्या बारीक वाटांनी थंड हवा खेळवल्यामुळे, आणि ते ताणाखाली लांबत नाही ते संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे ओतलेले असल्यामुळे. असे पाते मी एकदाच हातात घेतले आहे. बोटभर लांबीचे, करड्या रंगाचे, कडेने शिवणयंत्राने टोचल्यासारखी छिद्रांची ओळ असलेले. वजनाने काहीच नाही. ते ओतण्याची विद्या जगात मोजक्या देशांकडे आहे आणि ती कोणी विकत देत नाही. हैदराबादच्या धातुशास्त्र प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती २०२१ मध्ये बनवून दिली, म्हणजे आपण अगदीच रिकाम्या हाताने बसलेलो नाही, पण साठ पात्यांपासून एका विश्वासार्ह लढाऊ इंजिनापर्यंतचा रस्ता फार लांब आहे.

आमच्या विभागात सांगाडा पूर्ण झालेले, तारा ओढून झालेले, रंगाची वाट पाहणारे विमान इंजिनाविना आठवडेच्या आठवडे उभे असलेले मी पाहिले आहे. धूळ जाऊ नये म्हणून इंजिनाच्या पोकळीला आणि प्रत्येक उघड्या नळीला लाल झाकण लावून ठेवतात. सकाळी कामावर आल्यावर आम्ही आधी ती लाल झाकणे मोजत असू. झाकण निघाले म्हणजे माल आला. काही महिने असे जात की आकडा रोज तोच असे.

अर्धविराम | २ जानेवारी २०२४, रात्री १०:१५

धावपट्टी साहेब, आपले लेखन वाचून माझा परवाचा सूर मवाळ झाला. तरी प्रवासी विमानांचा उल्लेख राहिला. १४ फेब्रुवारीला एअर इंडियाने ४७० विमाने मागवल्याची घोषणा केली आणि १९ जूनला पॅरिसमध्ये इंडिगोने एका दमात ५०० विमाने मागवली. चार महिन्यांत दोन कंपन्यांनी ९७० विमाने मागवणे ही प्रगती नव्हे काय?

धावपट्टी | ३ जानेवारी २०२४, सकाळी ७:५०

ग्राहक म्हणून आपण मोठे झालो, यात शंका नाही. मात्र गिऱ्हाईकाची वही आणि कारखानदाराची वही वेगळी असते. त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट या विमान कंपनीची उड्डाणे थांबली आणि कंपनीने त्याचे कारण म्हणून इंजिने वेळेवर न मिळाल्याने जमिनीवर अडकलेली विमाने पुढे केली. व्यवसायाची इतर कारणे असतीलही, पण इंजिन दुसऱ्याच्या हाती असले की लढाऊ विमान अडते आणि प्रवासी विमानही अडते, एवढे त्यातून दिसते.

तरीही एक जमेची ओळ लिहा. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग ७८७ च्या तळाखालच्या तुळया संमिश्र पदार्थांतून बनतात. त्या विमानाने परदेशी जाणारा मराठी माणूस ज्या जमिनीवर पाय ठेवतो, तिच्याखाली नागपूरचे काम असू शकते. सुटे भाग बनवणे हे कमी दर्जाचे काम नाही. पाते ओतण्याची शिस्त अशाच कारखान्यांतून येते.

सागरगोटा | ३ जानेवारी २०२४, दुपारी १२:३५

टीव्ही-डी१ ही नोंद धागाकर्त्यांनी एका ओळीत संपवली, ती मी थोडी वाढवतो, कारण नोकरीमुळे चेन्नईत असल्याने २१ ऑक्टोबरला मी ती श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षागॅलरीतून पाहिली. सुळ्ळूरपेटहून पुलिकत सरोवराच्या मधून जाणाऱ्या रस्त्याने आम्ही पहाटेच पोहोचलो. उड्डाण आठ वाजता होते, हवामानामुळे साडेआठ झाले, मग पावणेनऊ झाले. उलटी मोजणी अगदी शेवटच्या पाच सेकंदांपर्यंत आली आणि थांबली. इंजिन अपेक्षेप्रमाणे पेटल्याचे संगणकाला दिसले नाही, म्हणून त्यानेच उड्डाण रोखले. आमच्या मागे बसलेल्या एका आजीबाई तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी पुन्हा डबा उघडला. बहुतेकांना वाटले की आजचा दिवस गेला.

सव्वा तासात दोष शोधून, इंधन भरलेल्या वाहनाजवळ सुरक्षितपणे काम करून त्यांनी १० वाजता ते सोडले. सुमारे १२ किलोमीटर उंचीवर, ध्वनीपेक्षा अधिक वेगात असताना, माणसे बसतील ती कुपी सुटकेच्या मोटरींनी वाहनापासून खेचून वेगळी केली, ती आणखी वर सुमारे १७ किलोमीटरपर्यंत गेली आणि हवाई छत्र्यांनी समुद्रात उतरली. नौदलाने ती उचलली. ती पाण्यात उलटी झाली होती, हेही अधिकृतपणे सांगितले गेले, आणि मला ते आवडले.

माझा मुद्दा असा की, या चाचणीत अग्निबाण यशस्वी व्हावा हे अपेक्षितच नव्हते. तो बिघडला तर माणूस वाचेल का, एवढेच पाहायचे होते. अशा कामाची जमा बाजू उड्डाणांच्या संख्येत कधीच दिसणार नाही.

खतावणी (धागाकर्ता) | ४ जानेवारी २०२४, सायंकाळी ७:००

सर्वांचे आभार. दुरुस्त्या मान्य करतो.

आदित्य थकबाकीतून काढून मुदत ठेवीत टाकला आहे. वनवेब आणि सिंगापूरची दोन उड्डाणे ‘उत्पन्न’ या सदरात गेली. मात्र सी५६ च्या उड्डाणात एक बारकी गोष्ट होती, ती मी जमेतच ठेवतो. काम संपल्यावर अग्निबाणाचा चौथा टप्पा मुद्दाम सुमारे ३०० किलोमीटरवर उतरवला गेला, जेणेकरून तो वर्षानुवर्षे कचरा होऊन न फिरता लवकर जळून जावा. भाड्याच्या फेरीनंतर गाडी धुऊन ठेवण्यासारखे ते आहे.

अर्धविराम यांच्या ९६ या आकड्याविषयी एवढेच म्हणतो की तो आकडा खरा आहे आणि बोचणारा आहे, परंतु त्यातील मोठा वाटा त्या कंपनीच्या स्वतःच्या इंटरनेट उपग्रहांचा आहे. आपल्याकडे श्रीहरिकोट्याला दोनच उड्डाणतळ आहेत, अग्निबाण एकदाच वापरून संपतो, आणि घन इंधनाच्या बूस्टरची कवचे वालचंदनगरसारख्या ठिकाणी, विकास इंजिने विक्रोळीत, अशी देशभर बनून येतात. ज्या वालचंदनगरने साखर कारखान्यांची यंत्रे बनवून सुरुवात केली, तेथील कवचे चंद्रयानाच्या उड्डाणात होती, हे इंदापूर तालुक्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. उड्डाणे वाढवायची तर ही साखळी रुंद करावी लागेल. एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या अंतराळ धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले आहे, त्याची जमा पुढच्या वह्यांत दिसेल किंवा दिसणार नाही.

चंद्रयानाच्या पानावर एक नोंद राहून गेली होती. अवतरकाला चंद्रापर्यंत पोहोचवणाऱ्या प्रणोदक भागात शंभर किलोहून अधिक इंधन शिल्लक राहिले, आणि इस्रोने ते वापरून तो भाग चंद्राच्या कक्षेतून परत पृथ्वीच्या कक्षेत आणला. डिसेंबरच्या ४ तारखेला ते जाहीर झाले. मूळ आराखड्यात हे कामच नव्हते. पुढे चंद्रावरून माती आणायची असेल तर परतीचा रस्ता माहीत असावा लागतो, आणि तो उरलेल्या इंधनावर फुकटात पाहून घेतला. अशा नोंदीला आमच्याकडे ‘इतर प्राप्ती’ म्हणतात आणि लेखापरीक्षक तिच्याकडे नेहमी संशयाने पाहतो. मी पाहत नाही.

धावपट्टी साहेबांची कावेरीची ओळ मी जशी दिली तशी, लाल शाईने, पुढे ओढली आहे.

सूर्यफूल_पुणे | ६ जानेवारी २०२४, सायंकाळी ५:२५

आज दुपारी चारच्या सुमारास आदित्य ठरलेल्या बिंदूभोवतीच्या कक्षेत शिरला. २ सप्टेंबरला निघाल्यापासून १२६ दिवस लागले. काका, उड्डाण तुमच्या २०२३ च्या वहीत आहे आणि पोहोचणे २०२४ च्या वहीत आले. ही नोंद कुठे करणार?

खतावणी (धागाकर्ता) | ६ जानेवारी २०२४, सायंकाळी ६:०२

ताई, बँकेत अशा व्यवहाराला ‘मार्गस्थ’ म्हणत असू. धनादेश एका शाखेतून निघालेला असे, दुसऱ्या शाखेत पोहोचलेला नसे, आणि ३१ मार्चला दोन्ही वह्यांत त्याचे अर्धे-अर्धे नाव लिहावे लागे. आदित्य मी तसाच लिहिला आहे. २०२३ च्या पानावर ‘रवाना’, २०२४ च्या पानावर ‘पोच’, आणि मध्ये १५ लाख किलोमीटर.

नव्या वहीत आता दोन ओळी झाल्या. तिसरी धावपट्टी साहेबांनी सांगावी. आधीच्या करारानुसार नव्या तेजसांपैकी पहिले याच वर्षाच्या सुरुवातीला मिळायचे आहे.

धावपट्टी | ६ जानेवारी २०२४, रात्री ८:४०

ओळ पेन्सिलीने लिहून ठेवा.